‘ओ’ आहे ना, मग द्या की लवकर!

कॉलेजमध्ये रासेयोचं रक्तदान शिबिर लागलं की आपलं सगळं ठरलेलं असतं. मित्रानं हात धरून ओढत न्यायचं, सुई दिसली की तोंड फिरवायचं आणि नंतर चहा-बिस्किट घेत सेल्फी टाकायचा. निघताना हातात एक कार्ड पडतं. त्यावर लिहिलेलं असतं, ‘ओ पॉझिटिव्ह’. तेच मग कॉलेजच्या आयकार्डवर जातं, लायसन्सवर जातं, इन्स्टाच्या बायोतही जातं. कुठल्या तरी ग्रुपवर ‘अर्जंट! सोलापूरला पेशंट ॲडमिट आहे, ओ पॉझिटिव्ह पाहिजे’ असा मेसेज आला की तुम्ही लगेच ‘मी आहे’ म्हणून अंगठा टाकता. बरोबर ना?

मीही तेच करायचे. गेल्या पावसाळ्यात माझ्या मामीचं बाळंतपण झालं आणि रक्तस्राव जास्त झाला. डॉक्टर म्हणाले, रक्त लागेल. मामा चिठ्ठी आणि नमुन्याची नळी घेऊन रक्तपेढीच्या खिडकीपाशी धावला. मी मागोमाग. आतल्या टेक्निशियननं नळी घेतली आणि शांतपणे सांगितलं, ‘पाऊण तास तरी लागेल.’ मामाचा तोल सुटला. ‘अहो, ओ पॉझिटिव्हच आहे की ती, कार्डावर लिहिलंय! तुमच्याकडं पिशव्या पण आहेत. मग द्या की लवकर, कशाला वेळ लावताय?’ टेक्निशियन म्हणाले, ‘दादा, माझ्यावर पाहिजे तेवढं रागवा. पण जुळवून बघितल्याशिवाय पिशवी हातात देणार नाही.’

खरं सांगू? मलाही तेव्हा मामाचंच पटलं होतं. पाऊण तास ते आत करतात तरी काय, हा प्रश्न मात्र डोक्यात राहिला. या पानासाठी विषय शोधताना तो धागा पकडला आणि जाऊन पोचले थेट १९५२ सालच्या मुंबईत.

परळमधली तीन माणसं

१९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा लेख छापून आला. पहिलं नाव होतं डॉ. वाय. एम. भेंडे यांचं. सोबत मुंबईचेच डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया होते, तर लंडनहून रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स हे रक्तगटांवर काम करणारे नावाजलेले संशोधक. परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम हॉस्पिटलमधल्या या मंडळींना तीन अशी माणसं सापडली होती, ज्यांचं रक्त कुठल्याच चौकटीत बसत नव्हतं.

नेहमीची चाचणी केली तर ती ‘ओ’ गटाची वाटायची. पण त्यांच्या रक्तातला पाण्यासारखा भाग, म्हणजे सीरम, ‘ओ’ गटाच्या पेशींमध्ये मिसळला की त्या पेशींच्या गुठळ्या व्हायच्या. ओ गट तर ‘सगळ्यांना चालतो’ असं आपण शाळेपासून ऐकत आलोय. या तिघांना तोच चालत नव्हता. जगासाठी ही गोष्ट नवीन होती. जिथं सापडली त्या शहराचं नाव तिला मिळालं आणि ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हे नाव आजही कायम आहे. शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं बदललं नाही.

भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा असावा असा अंदाज सांगितला जातो. युरोपात हेच प्रमाण दहा लाखांत एक इतकं कमी मानतात. म्हणजे हा प्रश्न खास आपल्याकडचा आहे.

जोतंच नसलेलं घर

ओ म्हणजे शून्य, ओ म्हणजे पेशीवर काहीच नाही, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. लाल पेशीच्या बाहेरच्या अंगावर साखरेच्या रेणूंच्या बारीक साखळ्या असतात. त्या साखळीच्या टोकाशी फ्यूकोज नावाची साखर बसली की तयार होतो ‘एच’ हा प्रतिजन. त्याला घराचं जोतं समजा. ए गटाच्या माणसात या जोत्यावर एका प्रकारची साखर चढते, बी गटाच्या माणसात दुसऱ्या प्रकारची. एबी गटात दोन्ही असतात. ओ गटात जोतं तसंच उघडं राहतं. घर बांधलेलं नाही, पण जोतं आहे.

बॉम्बे गटाच्या माणसात फ्यूकोज बसवणारं एन्झाइमच चालत नाही, कारण एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या त्याच्या जनुकात बिघाड असतो. जोतंच नाही तर खोली कुठं बांधणार? आईवडिलांकडून ए किंवा बी गटाचं जनुक आलं असलं तरी ते दिसत नाही. काचपट्टीवर रक्ताचे थेंब घेऊन ए आणि बी तपासणारे द्रव टाकले, की दोन्हीकडं गुठळी होत नाही. मग कार्डावर लिहिलं जातं ‘ओ’.

आता खरी अडचण. आपल्या पेशींवर जे नाही, त्याच्याविरुद्ध आपल्या रक्तात अँटीबॉडी असतात. ए गटवाल्याकडं बीच्या विरुद्ध, ओ गटवाल्याकडं ए आणि बी दोन्हींच्या विरुद्ध. आधी कधी रक्त घेतलेलं नसलं तरी त्या असतात. आपल्या पोटातल्या जिवाणूंवरही अशाच साखरा असतात, आणि बाळपणीच शरीर त्या बघून अँटीबॉडी बनवायला शिकतं. बॉम्बे गटाच्या माणसाकडं तर ए, बी आणि एच या तिन्हींच्या विरुद्ध अँटीबॉडी असतात. म्हणून त्याला ओ गटाची पहिलीच पिशवीसुद्धा घातक ठरते. ओ निगेटिव्ह दिलं तरी तेच, कारण तिथंही जोतं असतंच.

पण अँटीबॉडी पेशीला नुसती चिकटते. मग पेशी फुटते कशानं? या प्रश्नावर माझा बराच वेळ गेला, आणि सगळ्यात मजाही इथंच आली.

रक्तात झोपलेली फौज

तुमच्या रक्तात या क्षणी तीसहून जास्त प्रथिनांची एक टीम फिरतेय. बहुतेक लिव्हरमध्ये तयार होतात आणि काम पडेपर्यंत झोपलेल्या अवस्थेत असतात. या टीमला ‘कॉम्प्लिमेंट’ म्हणतात. पाठ्यपुस्तकी मराठीत पूरक प्रथिनं. ‘कौतुक’ या अर्थाचं कॉम्प्लिमेंट ते वेगळं, स्पेलिंगमध्येही एका अक्षराचा फरक आहे.

१८९८ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ज्यूल बोर्दे या तरुण संशोधकानं दाखवलं, की एका प्राण्याचं सीरम दुसऱ्या प्राण्याच्या लाल पेशी फोडू शकतं. हे सीरम ५५ अंशांपर्यंत तापवलं की त्याची ताकद जायची. त्यात दुसऱ्या प्राण्याचं ताजं सीरम थोडं घातलं की ताकद परत यायची. म्हणजे सीरममध्ये दोन गोष्टी होत्या. एक उष्णता सोसणारी, ती अँटीबॉडी. दुसरी उष्णतेनं बाद होणारी, तीच ही पूरक प्रथिनं. बोर्देला १९१९ चं नोबेल मिळालं. पूरक प्रथिनांचं काम विज्ञानाला असं लाल पेशी फुटताना बघूनही कळलं.

आता चुकीची पिशवी लागली की काय होतं ते टप्प्याटप्प्यानं बघू.

एचच्या विरुद्धच्या बऱ्याच अँटीबॉडी ‘आयजीएम’ प्रकारच्या असतात. पाच तुकडे एकत्र जोडून झालेली मोठी अँटीबॉडी. रक्तात मोकळी फिरताना ती चांदणीसारखी पसरलेली असते. पेशीवरच्या साखरांना धरलं की ती खेकड्यासारखी वाकते. हा वाकलेला आकार ओळखणारं प्रथिन म्हणजे ‘सी-१’. ते तिथं येऊन बसतं आणि जागं होतं.

जागं झालेलं सी-१ पुढच्या ‘सी-४’ आणि ‘सी-२’ या प्रथिनांना कापतं. (एकनंतर चार का? कारण हे क्रमांक शोधाच्या ओघात पडले, कामाच्या क्रमानं नाही. बायोच्या परीक्षेत सगळे इथंच चुकतात.) कापलेले तुकडे लाल पेशीवर जोडीनं बसतात आणि एक कात्री तयार होते. ही कात्री कापते ‘सी-३’ला. कॉम्प्लिमेंटच्या टीममध्ये सर्वांत जास्त असलेलं प्रथिन हेच, एक लिटर रक्तद्रवात साधारण एक ग्रॅमच्या आसपास.

सी-३ कापलं की त्याच्या मोठ्या तुकड्यात, म्हणजे ‘सी-३बी’मध्ये, आतापर्यंत लपलेला एक रासायनिक बंध उघडा पडतो. तो फेविक्विकसारखा असतो. अगदी निमिषभर उघडा असतो, तेवढ्यात शेजारी जे सापडेल त्याला पक्का जोडला जातो. काही सापडलं नाही तर पाण्याशीच संयोग होऊन वाया जातो. पण इथं शेजारी लाल पेशी असते. तिच्या साखरेला किंवा प्रथिनाला तो जोडला जातो, आणि हा जोड धुऊन निघत नाही. एक कात्री असे शेकडो तुकडे पाडते. बघता बघता सगळी पेशी या स्टिकर्सनी भरून जाते.

पुढं ‘सी-५’ कापलं जातं. त्याच्यावर सहा, सात, आठ क्रमांकाची प्रथिनं येऊन बसतात, आणि शेवटी सी-९ ची बरीच प्रथिनं गोल कडं करून पेशीच्या आवरणात घुसतात. पेशीला आरपार भोक पडतं. भोक साधारण दहा नॅनोमीटरचं. एका मिलिमीटरमध्ये अशी एक लाख भोकं ओळीनं बसतील. एवढंसं भोक पुरतं. बाहेरचं पाणी आत शिरतं, पेशी फुगते आणि फुटते.

एका पिशवीत लाख कोटींहून जास्त लाल पेशी असतात. त्या अशा फुटायला लागल्या की आतलं हिमोग्लोबिन थेट रक्तद्रवात सांडतं. किडनीवर त्याचा मारा होतो, लघवी लालसर काळपट होते. कापताना उडालेले छोटे तुकडे, सी-३ए आणि सी-५ए, रक्तवाहिन्या सैल करतात आणि बीपी कोसळतं. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या व्हायला लागतात. जी पिशवी जीव वाचवायला लावली, तीच जीव घेऊ शकते.

प्रत्येक न जुळणाऱ्या रक्ताचं असं होत नाही, हेही सांगायला हवं. आरएच गटाविरुद्धच्या अँटीबॉडी सहसा कॉम्प्लिमेंटला जागं करत नाहीत. तिथं पेशी रक्तवाहिनीत फुटण्याऐवजी प्लीहेत जाऊन हळूहळू नष्ट होतात. तेही वाईटच, पण वेग वेगळा. ए, बी आणि एचची चूक इतकी झटपट जीवघेणी ठरते ती कॉम्प्लिमेंटमुळं.

मग आपल्याच पेशी का फुटत नाहीत?

हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. सी-३ थोडं थोडं तर शरीरात सतत फुटत असतं. त्यातले काही तुकडे आपल्याच लाल पेशींवर येऊन पडत असणार. मग?

लाल पेशींवर पहारेकरी असतात. ‘सीडी-५५’ नावाचं प्रथिन ती कात्री जुळूच देत नाही, जुळली तर मोडून टाकतं. ‘सीडी-५९’ शेवटचं कडं पुरं होऊ देत नाही. पण अँटीबॉडींनी एकदम मोठा हल्ला केला तर हे पहारेकरी कमी पडतात. काही माणसांत हाडांच्या मज्जेतल्या पेशीत बिघाड होऊन हे दोन्ही पहारेकरी पेशीवर बसतच नाहीत. पीएनएच नावाचा हा दुर्मीळ आजार. त्यात माणसाचं स्वतःचंच कॉम्प्लिमेंट स्वतःच्या लाल पेशी फोडत राहतं. सी-५ ला अडवणारं औषध २००७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण ते जगातल्या सर्वांत महागड्या औषधांपैकी एक गणलं गेलं.

आणि हेच चिकटणं रोजच्या आयुष्यात आपल्या फायद्याचंही असतं. कसं ते आपल्या जिल्ह्यातल्या कुणालाही पटकन कळेल. गळीत हंगामात ऊस भरलेल्या ट्रॉल्या रांगेनं कारखान्यावर जातात, रिकाम्या होतात आणि परत फडात येतात. लाल पेशी नेमकं हेच करतात. जंतू आणि अँटीबॉडी यांच्या गुंत्यावर सी-३बीचा स्टिकर लागला, की लाल पेशी ‘सीआर-१’ नावाच्या हुकानं तो गुंता अंगावर घेते आणि लिव्हर-प्लीहेपर्यंत वाहून नेते. तिथल्या पेशी माल उतरवून घेतात. लाल पेशी रिकामी होऊन पुन्हा फिरायला मोकळी. लाल पेशी फक्त ऑक्सिजन वाहते, असं आपण दहावीत लिहून मार्क घेतले होते. ती कचराही वाहते.

इंदूरची पिशवी

मे २०२४ मध्ये शिर्डीहून एक माणूस गाडी काढून सुमारे चारशे किलोमीटरवरच्या इंदूरला गेला, एका अनोळखी बाईला रक्त द्यायला. बातमी तुम्ही वाचली असेल. आपण ‘किती भारी माणूस’ म्हणून शेअर केली आणि पुढं गेलो. पण त्या बातमीत एक ओळ होती. त्या बाईला आधी दुसऱ्या एका हॉस्पिटलात ऑपरेशनच्या वेळी चुकून ओ पॉझिटिव्ह रक्त दिलं गेलं होतं. तिची तब्येत ढासळली, किडनीवर परिणाम झाला. ती बॉम्बे गटाची होती.

आता ही ओळ पुन्हा वाचा. तिच्या किडनीला काय झालं असेल, ते आता तुम्हाला माहितीय. तिच्यासाठी नागपूरहून विमानानं पिशव्या आल्या, तिच्या बहिणीनं रक्त दिलं, आणि हा शिर्डीचा माणूस गेला. चार पिशव्या जमल्या तेव्हा ती धोक्यातून बाहेर आली.

पाऊण तासात आत काय चालतं?

आता मामाच्या प्रश्नाकडं येते. खिडकीच्या आत आधी पेशंटचा गट पुन्हा तपासतात. कार्डावर काय लिहिलंय याला तिथं किंमत नाही. मग उलट तपासणी होते, म्हणजे पेशंटचं सीरम घेऊन ते माहितीतल्या ए, बी आणि ओ गटाच्या पेशींशी मिसळतात. यातला ‘ओ’ महत्त्वाचा. फक्त ए आणि बी वापरले तर बॉम्बे गट पुन्हा ओसारखाच दिसेल. ओच्या पेशींची गुठळी झाली की धोक्याची घंटा वाजते.

शेवटी क्रॉसमॅच. द्यायच्या पिशवीतल्या पेशी आणि पेशंटचं सीरम एका नळीत घेतात, शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांवर, ठेवतात. त्यालाच बराच वेळ लागतो. मग नळी फिरवून दोन गोष्टी बघतात. पेशींची गुठळी झालीय का? आणि वरचं पाणी लाल झालंय का? पाणी लाल म्हणजे कॉम्प्लिमेंटनं पेशी फोडल्या. जे पेशंटच्या शरीरात घडलं असतं, ते तिथं नळीत घडतं.

डोळ्यांना काहीच दिसत नसेल तरी थांबत नाहीत. रॉबिन कूम्ब्स आणि सहकाऱ्यांनी १९४५ मध्ये आणलेली चाचणी करतात. पेशींवर गुपचूप चिकटलेली अँटीबॉडी ती पकडते. तिचाच एक प्रकार सी-३ चे उरलेले तुकडेही शोधतो. म्हणजे ते फेविक्विकचे स्टिकर तिथं मोजलेच जातात म्हणा ना.

संशयास्पद नमुने पुढच्या तपासणीसाठी पाठवता येतात. परळच्या त्याच केईएमच्या आवारात आज आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे आणि दुर्मीळ रक्तगटांवर तिथं काम चालतं.

हे आपल्या घरात का बोलायचं?

मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्न ही काही नवलाची गोष्ट नाही. तुमच्या वर्गात अशा घरातले दोन-चार जण असतीलच. बॉम्बे गट व्हायला आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं जनुक यावं लागतं. एकाकडूनच आलं तर माणूस ठणठणीत, त्याला पत्ताही लागत नाही. नवराबायकोचे आजी-आजोबा एकच असले, तर तेच बिघडलेलं जनुक दोघांकडं असण्याची शक्यता वाढते. दोघांकडं असलं तर प्रत्येक अपत्याला चारात एक शक्यता. इंदूरच्या त्या पेशंटची बहीण बॉम्बे गटाची निघाली, यात म्हणून नवल नाही.

हे सांगताना कुणाच्या घराला नावं ठेवायची नाहीत. बॉम्बे गटाचा माणूस आजारी नसतो, रोजच्या जगण्यात त्याला काही कमी पडत नाही. फक्त त्याला आपला खरा गट माहीत असायला हवा. आणि आपल्यासारख्या जिल्ह्यात तर जास्तच. गंभीर पेशंट झाला की आपण सोलापूर नाही तर लातूर गाठतो. दुर्मीळ पिशवी तिथं पटकन मिळेलच असं नाही. ऐन वेळी शोधण्यापेक्षा आधी माहीत असणं बरं.

तुमच्या हातात काय आहे?

– कार्डावरचा गट ही सुरुवात आहे, शेवट नाही. रक्तपेढीत पुन्हा तपासणी होत असेल तर होऊ द्या.

– नळीवर पेशंटचं नाव आणि नंबर बरोबर आहे का, ते नेताना बघा. चुकीच्या गटाचं रक्त लागण्याच्या घटनांमागं बहुतेक वेळा अवघड विज्ञान नसतं, नावांची अदलाबदल असते.

– पिशवी लावल्यावर पहिली पंधरा मिनिटं पेशंटपाशीच थांबा. थंडी वाजणं, ताप, कंबरदुखी, छातीत दुखणं, सुई लावलेल्या हातात आग, खूप घाबरल्यासारखं होणं किंवा लघवीचा रंग गडद होणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच सिस्टरला हाक मारा. रक्त तत्काळ थांबवावं लागतं.

– जीवच जायची वेळ असेल तर पूर्ण तपासणीआधी रक्त द्यायचं का, हा निर्णय डॉक्टर घेतात. खिडकीपाशी ओरडून तो आपण घ्यायचा नाही.

– घरात कुणी बॉम्बे गटाचं निघालं तर सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करा.

– आणि रक्त द्या. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५. मुलांनी तीन महिन्यांनी, मुलींनी चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. ऐन वेळी धावत गेलेल्या दहा मित्रांपेक्षा आधीच तपासून ठेवलेली एक पिशवी लवकर कामाला येते.

त्या दिवशी पंचेचाळीस नाही, पन्नास मिनिटं लागली. मामा तोवर बाकावर डोकं धरून बसला होता. पिशवी हातात देताना टेक्निशियननं पिशवीवरचं नाव वाचलं, चिठ्ठीवरचं वाचलं, मामाकडूनही वदवून घेतलं, तेव्हा कुठं सही घेतली. मामी आणि बाळ आठ दिवसांनी घरी आले. मामी साधी ओ पॉझिटिव्हच होती, कार्डावर होतं तेच.

हा लेख लिहून झाल्यावर मामाला फोनवर वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मला तेव्हा कुणी हे सांगितलं असतं तर मी ओरडलो नसतो गं.’

पुढच्या वेळी रक्तपेढीच्या खिडकीपाशी कुणी असाच ओरडताना दिसला, तर त्याच्याशेजारी बसा. पाऊण तास आहे तुमच्याकडं. त्याला हे सांगून टाका.